परसातलं तळं: झाडं पाणी स्वच्छ ठेवतात, मग आमचं हिरवं का?

रानवाट | ९ मार्च, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. साताऱ्याबाहेर आमचं छोटं घर आहे आणि मागे बऱ्यापैकी परस आहे. आईच्या माहेरी विहिरीशेजारी दगडी डोणी होती, तिच्यात कमळं असायची. ते ती इतक्या वेळा सांगते की गेल्या दिवाळीनंतर आम्ही तळं करायचं ठरवलंच.

लांबी ४ मीटर, रुंदी अडीच मीटर. मध्यभागी एक मीटर खोल आणि कडेला फूटभर. साधारण सहा हजार लिटर पाणी बसतं. मुरूम लागेपर्यंत खणलं, टोकदार दगड वेचून काढले, दोन इंच वाळू पसरली, तिच्यावर जुनी पोती आणि त्यावर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. शेजारी एक मीटर बाय एक मीटरचा हौद बांधला. त्यात फूटभर खडी असून कर्दळ आणि वेखंड लावलंय. तळातला पंप तासाला दीड हजार लिटर पाणी हौदात सोडतो, तिथून ते परत तळ्यात पडतं. १२ कोई आणि ८ गोल्डफिश आहेत. खाणं दिवसातून दोनदा.

जानेवारीत तळाचा कागद दिसत होता. होळीपासून पाणी हिरवं होत गेलं आणि आता हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. दुकानदार म्हणतो अतिनील दिवा बसवा, शेजारचे काका म्हणतात मोरचूद टाका, आणखी एकानं ब्लीचिंग पावडर सुचवली. मला औषधं आणि यंत्रं नको आहेत. झाडांच्या भरवशावर हे जमतं का, ज्यांनी केलंय त्यांनी मनापासून सांगा.

मोगरी | ९ मार्च, १०.०५

फोटो टाका ना. आणि आईंच्या कमळाचं काय झालं?

रानवाट | ९ मार्च, १०.२०

दोन कंद लावले होते. कोईंनी आठवड्यात माती उकरून दोन्ही वर काढले.

शिंपला | ९ मार्च, १२.१५

आधी मासे वाचवा, पाण्याचं नंतर बघू. पहाटे मासे वर येतात त्याचं कारण प्राणवायू. हिरवं पाणी म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच वापरतं, आणि सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

म्हणून आजच तीन गोष्टी करा. खाणं पूर्ण बंद, चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी कोईंना काही होत नाही. पंप रात्रभर चालू ठेवा आणि पाणी दोन फूट उंचीवरून धो धो पडू द्या. मोरचूद आणि ब्लीचिंगला हात लावू नका. मोरचूद माशांना आणि गोगलगायींना विष आहे. शिवाय एवढं शेवाळ एकदम मेलं की त्याच्या कुजण्यातच उरलासुरला प्राणवायू संपतो. डोंबिवलीत एका ओळखीच्यांच्या हौदातले सगळे मासे मी असे एका रात्रीत गेलेले पाहिले आहेत. सकाळी ते काढताना त्यांच्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

चाळणी | ९ मार्च, रात्री ९.३०

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमच्या हौदाचं गणित मांडू. एक चौरस मीटर, फूटभर खडी. खडीतल्या फटी ४० टक्के धरल्या तर आत पाणी मावतं सुमारे १२० लिटर. पंप तासाला दीड हजार लिटर ढकलतो. म्हणजे पाणी हौदात पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. मुळांना आणि खडीवरच्या जिवाणूंना काम करायला वेळच मिळत नाही.

आता काम काय ते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी प्राणवायू लागतो आणि नव्या तळ्यात ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. नायट्रेट त्या मानानं फारसं विषारी नाही, पण ते खत आहे. ते कुणीतरी खाणारच. कर्दळीनं खाल्लं नाही तर शेवाळ खाईल. तुमच्याकडे वीस मासे रोज खत घालताहेत आणि खाणारी कर्दळ चौरस मीटरभर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याकडे नव्वद टक्के लोक दुर्लक्ष करतात. झाड गाळत नाही, झाड जेवतं. पाण्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) त्याच्या पानाखोडात जाऊन बसतं. ती पानं पिवळी पडून त्याच पाण्यात कुजली की सगळं जिथल्या तिथे परत. कर्दळ कापून तळ्याच्या बाहेर न्यायलाच हवी. नत्राचा काही भाग तरी खडीच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही तिथे, वायू होऊन उडून जातो. स्फुरदाला ती वाट नाही. ते एक तर कापलेल्या पाल्यातून बाहेर जाईल, नाहीतर उपसलेल्या गाळातून. शेवटची कापणी कधी केलीत?

रानवाट | ९ मार्च, रात्री १०.१०

एकदाही नाही. उलट वाळलेली पानं तशीच ठेवली होती, नैसर्गिक दिसतात म्हणून.

न्हाणीमागे | १० मार्च, सकाळी ७.३०

चाळणीकाकांना अनुमोदन. आमच्या राजापूरकडच्या घराला न्हाणीचं पाणी मागच्या बाजूला सोडलेलं होतं. तिथे अळू, कर्दळ, पुढे केळी. त्या पाण्याला कधी वास आला नाही आणि डास नाहीत. आजी आठवड्याला दोनदा अळू कापायची, केळीची वाळकी पानं काढायची, घड उतरला की खुंट तोडायची. फतफतं व्हायचं ते अळूचं, पाण्याचं नाही! ती काही शास्त्र म्हणून करत नव्हती, पण कापणं तिच्या रोजच्या वळणात होतं. आता तिथे शोषखड्डा आहे आणि अळू बाजारातून येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वैदर्भी | १० मार्च, ११.००

आमच्या नागपूरच्या निरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेनं याच तत्त्वावर फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. खडीच्या थरातून, जमिनीच्या पातळीखालून सांडपाणी वाहतं आणि वर कर्दळीसारखी झाडं. पाणी वर उघडं दिसत नाही म्हणून वास आणि डास दोन्ही टळतात. सांडपाण्याला जे पुरतं ते माशांच्या पाण्याला नक्की पुरेल, फक्त जागा आणि वेळ द्यायला हवा.

इंचपट्टी | १० मार्च, दुपारी २.२०

मी थोडा वेगळा सूर लावतो. माझ्याकडे पुण्यात चार वर्षं कोईंचं तळं आहे आणि अतिनील दिवा आहे. पाणी आठ दिवसांत निवळलं. कोई हा मोठा होणारा, भरपूर खाणारा मासा. दोन फुटांपर्यंत जातो. असे १२ मासे सहा हजार लिटरमध्ये ठेवायचे तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही. झाडांवर सगळं सोडून माशांचे हाल करण्यापेक्षा दिवा बरा.

चाळणी | १० मार्च, दुपारी ४.००

इंचपट्टी, कोईंबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. दिव्याबद्दल एवढंच म्हणेन की तो तरंगतं शेवाळ मारतो, पण पाण्यातलं खत तसंच राहतं. मग कडेला, दगडांवर केसांसारखं लांब शेवाळ येतं. तुमच्याकडे आलं का?

इंचपट्टी | १० मार्च, दुपारी ४.३५

आलं. दर रविवारी काठीला गुंडाळून काढतो. काढलेलं बाहेर टाकतो, म्हणजे तुमच्या हिशेबानं माझीही कापणी चालूच आहे :)

नेकारकाठ | ११ मार्च, रात्री १.१५

जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. इथे पोहण्यासाठी नैसर्गिक तळी करतात, क्लोरिन अजिबात नाही. जवळजवळ अर्धी जागा पोहायला आणि अर्धी झाडांना, मध्ये पाण्याखाली बुटकी भिंत. मासे मात्र ठेवत नाहीत, त्यांची विष्ठा झाडांना झेपत नाही म्हणून. शरदात पानं गळून पाण्यात पडण्याआधी सगळं कापून बाहेर काढतात. आमच्या गावातल्या तळ्यावर त्या दिवशी सगळे सभासद कोयते-दाताळी घेऊन जमतात. मी जाते तेव्हा मला भाताच्या कापणीचीच आठवण येते.

तुमच्याकडे दहा चौरस मीटर तळं आणि एक चौरस मीटर झाडं. प्रमाण तिथेच चुकलंय.

रानवाट | ११ मार्च, सकाळी ८.००

सगळ्यांचे आभार. खाणं बंद केलंय, आज पहाटे मासे वर आले नाहीत. कोई कुणाला द्यावे लागतील हे कळतंय. जवळच्या नदीत सोडावेत का? तिथे मोकळे राहतील.

शिंपला | ११ मार्च, सकाळी ८.१०

नको! कृपा करून नको. परदेशी मासा नदीत सोडला की तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो. बंदिस्त शेततळं असलेला शेतकरी शोधा.

हिरवा_चतुर | ११ मार्च, ११.४५

त्याच धर्तीवर, डासांसाठी गप्पी किंवा गंबुशिया आणायचा कुणी सल्ला देईल, त्याआधीच लिहितो. दोन्ही अमेरिकेकडचे मासे. पावसात तळं भरून वाहिलं की ओढ्यात जातात, आणि गंबुशिया बेडकांची पिल्लंही कुरतडतो. आपल्याकडचा पिकू मासा बघा. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असतो. पृष्ठभागालगत राहतो आणि डासांच्या अळ्या आवडीनं खातो.

शिंपला | ११ मार्च, दुपारी १२.३०

पिकू उत्तम, पण उडी मारतो आणि लहान पिल्लं खातो. पाण्याची पातळी काठापेक्षा चार बोटं खाली ठेवा.

केळफूल | १२ मार्च, सकाळी १०.००

डासांवरून आमच्या कॉलनीत मोठा वाद झाला होता. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेजारणीनं माझ्या तळ्याबद्दल तक्रार केली. आरोग्य खात्याची माणसं आली, तळ्यात एकही अळी नाही. अळ्या सापडल्या त्या कुंड्यांखालच्या बशा आणि रिकाम्या करवंट्यांत! वाहतं पाणी, मासे आणि चतुराची पिल्लं असतील तर तळ्यात डासांना थारा नाही. पण खडीच्या हौदात पाणी खडीच्या वर साचू देऊ नका. दोन इंच कोरडी खडी वर राहायला हवी, नाहीतर तिथे मासे पोचत नाहीत आणि डासांचं फावतं.

सावली_७ | १२ मार्च, रात्री ९.००

कुणी मुलांबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझी भाची पावणेदोन वर्षांची असताना परसातल्या हौदात पालथी पडली. पाणी फक्त दीड फूट होतं. तिनं आवाजसुद्धा केला नाही. माझी बहीण कपडे वाळत घालायला त्याच वेळी मागच्या दारी आली, म्हणून ती आज आहे. लहान मूल पाण्यात पडलं की ओरडत नाही. पाण्याच्या जरा वर वेल्डमेशची जाळी बसवा, आडव्या गजांवर टेकलेली, मूल उभं राहिलं तरी वाकणार नाही अशी. त्यातून कमळाची पानं वर येतात, मासे फिरतात. तुमच्या घरात मुलं नसतील, पण शेजारची येतील.

रानवाट | १२ मार्च, रात्री ९.३०

सावलीताई, अंगावर काटा आला. या रविवारीच वेल्डरला बोलावतो.

गच्चीवाला | २ एप्रिल, सकाळी ९.१५

गच्चीवर असं तळं करता येईल का? जागा भरपूर आहे, फूटभर पाणी पुरेल.

इंचपट्टी | २ एप्रिल, सकाळी ९.५०

फूटभर पाणी म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो, खडी आणि माती वेगळी. घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० ते २०० किलोच्या भारासाठी धरलेला असतो. संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय अजिबात नको. कमळाचे दोन टब तुळईच्या वर, कडेला ठेवा, तेवढं पुष्कळ.

न्हाणीमागे | २ एप्रिल, ११.२०

सिमेंटचा टब असेल तर आधी मुरवा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, त्यात मासे टिकत नाहीत. आमच्याकडे केळीच्या खुंटाचे तुकडे आणि थोडं शेण घालून पंधरा दिवस पाणी भरून ठेवतात, मग उपसून धुतात. दोनदा असं केलं की टब वापरायला तयार.

चाळणी | २८ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

रानवाट, उन्हाळ्याचं एक राहिलं. तुमचं पाणी बोअरचं आहे का? क्षार किती?

रानवाट | २८ एप्रिल, संध्याकाळी ७.००

हो, बोअरचं. मीटरवर ९०० दाखवतो. रोज सकाळी पट्टी लावून बघतोय, दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर पाणी उतरतं. काठाला पांढरी रेघ आली आहे. कर्दळ क्षार खात नाही का?

चाळणी | २८ एप्रिल, रात्री ८.२०

नाही, इथे झाडांकडून अपेक्षा करू नका. तुमचा पृष्ठभाग दहा चौरस मीटर, म्हणजे रोज शंभर लिटरची वाफ. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. साठ दिवस तुम्ही बोअरनं भर घातलीत तर सहा हजार लिटर, म्हणजे अख्खं एक तळं भरेल एवढे क्षार नव्यानं आत. ९०० चे १८०० झाले.

उपाय सोपा आहे. रोज दोन-तीन बादल्या तळातून उपसून भाजीला, फुलझाडांना घाला आणि मग नवीन पाणी भरा. तळ्याचं पाणी म्हणजे पातळ खतच. पावसाळ्यात छपराची पन्हाळ तळ्याकडे वळवा. पन्नास चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर गोडं पाणी. पहिल्या दोन पावसांचं पाणी तेवढं बाहेर जाऊ द्या, छपरावरची धूळ आणि विष्ठा त्यात असते.

मोगरी | २१ ऑगस्ट, सकाळी ११.००

धागा वर आणते, वेळच तशी आहे. घरच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन परसातल्या तळ्यात करावं का? मुलांची फार इच्छा आहे.

केळफूल | २१ ऑगस्ट, ११.४०

आम्ही केलं होतं. भावना म्हणून फार सुंदर वाटलं. पण माती विरघळून खडीच्या फटी बुजल्या आणि हौद तुंबला. रंग पाण्यात गेला तो वेगळाच. आता तळ्याकाठी बादलीत विसर्जन करतो. आरती तिथेच, मोदकही तिथेच.

शिंपला | २१ ऑगस्ट, दुपारी १.००

प्लास्टरची मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मिळते, ती तर बादलीतच हवी. ते पाणी तळ्यात गेलं तर एकही मासा राहणार नाही.

हिरवा_चतुर | २१ ऑगस्ट, दुपारी ३.२५

न रंगवलेली मूर्ती असेल तर बादलीतली माती गाळून कमळाच्या कुंडीत घाला. आमच्या घरी तीन वर्षं हेच चालू आहे. मुलं कमळ आलं की बाप्पा आला म्हणतात.

रानवाट | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

मंडळी, सात महिन्यांनी सविस्तर सांगतो.

सगळे कोई ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यात गेले. तिथे चारी बाजूंनी कागद आणि जाळी आहे, बाहेर जायला वाट नाही. गोल्डफिश चारच ठेवले आणि पिकू आठ आणले. खाणं दोन दिवसांतून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

झाडांचा हौद मोठा केला: पाच चौरस मीटर, सव्वा फूट खडी. चाळणीकाकांच्या पद्धतीनं हिशेब केला तर आत साडेसातशे लिटर पाणी. पंप बदलून तासाला चारशे लिटरचा लहान लावला, म्हणजे पाणी जवळपास दोन तास खडीत राहतं. विजेचं बिलही उतरलं. कर्दळ, वेखंड, छत्रीगवत आणि पाण्याच्या तोंडाशी अळू. पाणकणीस लावायचं होतं, पण त्याचे कंद टोकदार असतात आणि कागद फाडतात असं कळलं, म्हणून ते जाड कुंडीत बंद आहे. ओळखीच्या एकानं जलपर्णी आणून दिली होती, ती परत केली. तिनं नद्यांचं काय केलंय ते पाहिल्यावर परसात आणायची हिंमत होत नाही.

दर पंधरा दिवसांनी कापणी. पहिल्या वेळी अकरा टोपल्या पाला निघाला आणि तो सगळा पपईच्या आळ्यात गेला. मे महिन्यात पाणी हिरवंच होतं आणि माझा धीर सुटत आला होता. इंचपट्टींच्या दिव्याची चौकशीसुद्धा केली. जूनच्या शेवटी एका सकाळी हिरवा रंग विरला. आता एक मीटर खोलीवरचं नाणं कुठल्या बाजूनं पडलंय ते दिसतं.

जाळी बसवली. जुलैत एक दिवड येऊन दोन बेडूक गिळून गेली. घरात घबराट झाली, पण सर्पमित्रानं बिनविषारी आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही तिला जाऊ दिलं. सकाळी खंड्या बसतो. पिकू सहा दिसतात, दोघांचा हिशेब बहुतेक त्याच्याकडे.

कमळ यंदा आलं नाही, नुसती पानं आली. उपल्या कमळाला (वॉटर लिली) मात्र गेल्या महिन्यात तीन फुलं आली. आई सकाळचा चहा तिथेच घेते.

चाळणी | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

फार आनंद झाला. कमळाला सहा तास ऊन मिळतंय का? आणि दिवाळीनंतर थंडीत झाडांची वाढ मंदावेल, तेव्हा खाणं आणखी कमी करा.

रानवाट | १९ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

आंब्याची एक फांदी आड येते, ती छाटतो.

गच्चीवाला | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.००

मला टबासाठी वेखंडाचे दोन-तीन कंद हवे होते. विकत कुठे मिळतील?

रानवाट | १९ ऑक्टोबर, सकाळी १०.०५

विकत कशाला घेता? रविवारी कापणी आहे, या सकाळी. ओलं पोतं आणा. आणि अळू न्यायला एक पिशवी.